त्या शहाण्या कासवाला आधी रजा द्या

पत्र : रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. चिरेखाणीवर काम करणाऱ्या कानडी आणि आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुलं माझ्या वर्गात असतात. कुणी दिवाळीनंतर येतं, कुणी पावसाच्या तोंडावर निघून जातं. त्यांच्यासाठी मी शंखातल्या खेकड्याची गोष्ट लिहिली आहे. आई त्याला सांगते, जा, आपलं घर शोध. तो आठ प्राण्यांकडे जातो. प्रत्येक जण म्हणतो, ‘तू आमच्यातला नाहीस.’ शेवटी एक म्हातारं कासव त्याला शंख देतं आणि सांगतं, ‘जिथे प्रेम, तिथे घर.’ २,१०० शब्द आणि ४० पानं झाली आहेत. चित्रं भाचा टॅबवर काढतो आहे; मसुदा आणि चित्रांचे नमुने सोबत आहेत. शेवट बरोबर आहे का? यमकात लिहू का? ५०० प्रती स्वतः छापू की प्रकाशकाकडे पाठवू? आणि हेच पुस्तक कानडी-नेपाळीत करता येईल का?

उत्तर :

ताई, खेकडा छान निवडलात, पण तुम्ही त्याला त्याचं काम करू दिलेलं नाही. आठही वेळा तो दारात जातो, नकार ऐकतो आणि पुढे चालू लागतो. दुसऱ्या आणि सातव्या नकाराची अदलाबदल करून पाहा; गोष्टीला काडीचाही फरक पडत नाही. शोधाच्या गोष्टीत ही खूण वाईट. प्रत्येक थांब्यावर त्याला काहीतरी नवं कळायला हवं, नाहीतर त्याच्यावरचा धोका वाढायला हवा. तसं होत नसेल तर ते थांबे नुसती भरती आहेत. आणि शेवटी कासव येऊन शंख हातात ठेवतं, म्हणजे ज्यानं वणवण केली त्याला काही सापडलंच नाही, त्याला ते दिलं गेलं.

कासवाला आधी रजा द्या. तुमच्या किनाऱ्यावर वर येणारी ऑलिव्ह रिडले कासवं म्हणजे माद्या. त्या रात्री येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात परततात. उपदेश करायला थांबत नाहीत. शिवाय कासवाची पाठ ही त्याच्याच बरगड्या आणि कणा मिळून झालेली असते. ज्याला जन्मात कधी घर शोधावं लागलं नाही, त्याच्याकडून घराविषयीचं ज्ञान कशाला घ्यायचं?

आईलाही वगळा. या खेकड्यांची अंडी पाण्यात फुटतात आणि पिल्लं काही आठवडे समुद्रात तरंगत वाढतात. आईची आणि त्यांची गाठ पडत नाही. गोष्टीत प्राणी बोलतात तर आईही असू शकते, हे मान्य. पण आई पहिल्या पानावर येऊन पोराला घराबाहेर धाडते आणि मग पुस्तकात कुठेच दिसत नाही. पाच-सहा वर्षांचं मूल शेवटपर्यंत शंखाचा नाही, ‘त्याची आई कुठे गेली?’ याचाच विचार करत बसेल.

आणि ते ‘तू आमच्यातला नाहीस’. हे वाक्य आठ वेळा ऐकणाऱ्यांत चिरेखाणीवरून कालच वर्गात आलेलं मूलही आहे. तुमचा हेतू त्याला धीर देण्याचा आहे, पण पानोपान त्याच्या कानावर पडतं ते हेच की जगातला प्रत्येक जण नाही म्हणतो. नकार दुष्टपणातून आला की गोष्ट रडकी होते. तोच नकार वस्तूच्या आकारातून आला तर मूल त्याच्याशी झगडतं, मापं घेतं, ‘अरे, हे नाही बसणार’ असं ओरडतं.

गंमत म्हणजे खरा खेकडा तुम्हाला हे सगळं तयार करून देतो. त्याचं पुढचं अंग कडक कवचाचं, पण पोट मऊ, उघडं आणि एका बाजूला, बहुतेकांचं उजवीकडे, वळलेलं असतं. ते झाकायला त्याला मेलेल्या समुद्री गोगलगायीचा रिकामा शंख लागतो. वळलेलं पोट तो शंखाच्या आतल्या पिळाला घट्ट धरून ठेवतो. धोका दिसला की आत शिरतो आणि नांगीनं दार लावून घेतो. तो वाढतो, शंख वाढत नाही. म्हणून शंख पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. नवा शंख दिसला की तो लगेच आत घुसत नाही; नांग्यांनी चाचपतो, फिरवून बघतो, तोंड किती रुंद आहे ते पाय आत घालून तपासतो, आतली वाळू उकरून काढतो. मग जुन्यातून बाहेर पडून झटकन नव्यात शिरतो. त्या एका क्षणी तो पूर्ण उघडा असतो. चित्रकाराला याहून चांगला क्षण कुठे मिळणार?

यापुढची गोष्ट तर तुमच्या कासवापेक्षा कितीतरी सरस आहे. मोठा रिकामा शंख किनाऱ्याला लागला आणि पहिल्या आलेल्या खेकड्याला तो फार मोठा असला, तर तो बरेचदा तिथेच थांबतो. हळूहळू आणखी खेकडे जमतात. काही वेळा ते मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेत लागतात. योग्य मापाचा मोठा खेकडा आला की तो त्या नव्या शंखात जातो, त्याचा जुना शंख दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा, असं करत सगळी रांग पुढे सरकते. अभ्यासक याला रिकाम्या जागांची साखळी म्हणतात. ती जमिनीवर राहणाऱ्या आणि पाण्यात राहणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या शंखातल्या खेकड्यांत पाहिली गेली आहे. म्हणजे जागा मिळते ती कुणाच्या दयेनं नाही. दुसऱ्याची सुटते, आपली कुणाला तरी मिळते. तुमच्या पुस्तकाचा शेवट इथे आहे.

आता पानं. ४० पानं छापखान्याच्या हिशोबात बसतात, पण तुमच्या गोष्टीला ती लागत नाहीत. मध्ये पिन मारलेल्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात आणि छापताना १६ किंवा ८ पानांचे फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं, सोयीचे पडतात. म्हणून १६, २४, ३२ हे आकडे सारखे दिसतात. तुम्ही २४ घ्या, मुखपृष्ठ वेगळं. पान १ वर शीर्षक, पान २ वर श्रेयनामावली, पान ३ वर गोष्टीची सुरुवात, मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत समोरासमोरची दहा जोडपानं आणि शेवटी एकटं पान २४. एकूण बारा चित्रं. श्रेयनामावली मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला हलवली तर २-३ हे अकरावं जोडपानही हाती येतं.

बारा चित्रांत गोष्ट अशी बसेल. पान ३ : शंख इतका घट्ट झालाय की नांगी आत मावत नाही, दार लागत नाही. ४-५ : ओहोटीचा अख्खा किनारा आणि त्यात एवढासा खेकडा. ६-७ : तिसऱ्या म्हणतात त्या खायच्या शिंपल्यांतलं एक शिंपलं. चपटं, पीळ नाही, पोट धरायला काही नाही. ८-९ : प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण. हे खरोखर घडतं, शंख मिळाले नाहीत की खेकडे झाकणंही घालतात. अंग आत जातं, पण मागची बाजू उघडी, आणि वर घार. इथे धोका पहिल्यांदा दिसू द्या. १०-११ : देखणा शंख, मापाचा, पण आत जिवंत गोगलगाय आहे आणि तिनं झाकण लावून घेतलंय. तिसऱ्या नकारानंतर थांबा, चौथा नको. १२-१३ : लाट येते आणि प्रचंड शंख टाकून जाते, एकही शब्द नाही. १४-१५ : आत शिरल्यावर खेकडा डुगडुगतो. फार मोठा आहे. सगळ्या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं पान हेच, कारण इथे त्याला ठरवायचं आहे. तो निघून जात नाही, तिथेच बसून राहतो. १६-१७ : एक येतो, दोन येतात. १८-१९ : रांग. २०-२१ : अदलाबदल; सगळे एकाच वेळी उघडे. खरी साखळी एकामागोमाग एक सरकते, पण इतक्या झपाट्यानं की एका चित्रात पकडणं खोटं ठरत नाही. २२-२३ : सगळे आपापल्या नव्या शंखात. २४ : आपल्या खेकड्याचा जुना शंख, आणि त्यात एक इवलासा नवा खेकडा.

हे शेवटचं पान शब्दांशिवाय कळायला हवं असेल, तर जुन्या शंखावर पहिल्यापासून एक खूण लागते. होडीच्या निळ्या रंगाचा ओघळ, किंवा कडेचा उडालेला टवका. ती खूण शीर्षकाच्या पानावर, पान ३ वर आणि मधल्या प्रत्येक चित्रात त्याच जागी, त्याच आकाराची दिसली पाहिजे. एका चित्रात ती राहून गेली तर वर्गातलं एखादं मूल ते नक्की पकडेल, आणि ‘हा दुसराच खेकडा आहे’ असं ठरवून मोकळं होईल.

एक जपा. खेकडा जागा बदलतो कारण तो वाढतो. तुमची मुलं जागा बदलतात कारण वडिलांचं काम संपतं. या दोन गोष्टी एक नाहीत. ‘जसा खेकडा तशी आपण’ असं वाक्य पुस्तकात घालू नका आणि वाचून झाल्यावरही बोलू नका. ज्या मुलाला जुळवायचं असेल ते मनातल्या मनात जुळवील, आणि ज्याला नसेल त्याला नुसती खेकड्याची मजेदार गोष्ट मिळू द्या.

शब्दांचं म्हणाल तर २,१०० वरून ३५० ते ४५० वर यायचं आहे. घाबरू नका, निम्मं काम चित्र करतं. तुमचं पहिलं वाक्य घ्या : ‘निळ्याशार समुद्राच्या काठी सोनेरी वाळूवर एक छोटासा लालसर खेकडा उदास होऊन बसला होता.’ समुद्र निळा आहे, वाळू सोनेरी आहे, खेकडा छोटा आणि लालसर आहे, हे सगळं डोळ्यांना दिसतंच. उदास आहे हेही दिसायला हवं, आणि दिसत नसेल तर तो दोष चित्राचा. चित्रात न दिसणारं काय उरतं? ‘शंख घट्ट झाला.’ तीन शब्द. पानावर तेवढे पुरेत.

कापताना एक सोपी कसोटी लावा. चित्रं झाकून नुसता मजकूर वाचा. सगळी गोष्ट कळली तर मजकूर जास्त आहे. मग मजकूर झाकून चित्रं बघा. सगळं कळलं तर शब्दांना काही काम उरलेलं नाही. दोन्ही अर्धवट वाटली आणि एकत्र ठेवल्यावर पूर्ण झाली, की जमलं. रांगेच्या पानावर, उदाहरणार्थ, चित्रात सात खेकडे दिसतात. शब्दांनी त्यांची गणती करू नये, ‘कुणीच बोलत नव्हतं’ एवढं सांगावं.

यमक नको. यमकासाठी क्रियापदं ओढूनताणून शेवटी येतात, ‘छान-भान-पान’ सुरू होतं आणि खेकड्याला जे करायचं नसतं ते करावं लागतं. शिवाय तुम्हाला दोन भाषांत भाषांतर हवंय; यमक तिथे पहिल्याच ओळीला मोडेल. त्याऐवजी पालुपद ठेवा, तीन-चार शब्दांचं. ‘बसतंय का? नाही बसत.’ तीन वेळा हेच आलं की चौथ्या वेळी वर्ग तुमच्या आधी म्हणेल. म्हणूनच चौथ्या वेळी ते मोडा : १४-१५ वर, जिथे तो प्रचंड शंखात शिरतो, ‘बसतंय का?’ एवढंच ठेवा आणि उत्तर देऊ नका. ज्या मुलांना मराठी अजून नीट येत नाही, त्यांना पुस्तकात शिरायला पालुपद हेच दार असतं.

वाक्य कुठे तुटतं तेही लिहितानाच ठरवा. प्रश्न नेहमी उजव्या पानावर खाली आणि उत्तर पान उलटल्यावर. तुमच्या आताच्या मसुद्यात बहुतेक ठिकाणी प्रश्न आणि उत्तर एकाच पानावर आलेत, त्यामुळे पान उलटायची ओढच लागत नाही. हे कागदावर करून बघितल्याशिवाय कळत नाही. सहा ए-फोर कागद एकात एक ठेवून मधोमध घडी घाला आणि दोन पिना मारा. झाली २४ पानं. मजकूर छापून, कापून, पट्ट्या कच्च्या गोंदानं चिकटवा, म्हणजे उचलून दुसरीकडे लावता येतील. चित्रांच्या जागी काड्यांच्या आकृत्या चालतील. ही नमुना-पुस्तिका घेऊन वर्गात वाचा. ‘आवडलं का?’ विचारू नका. बाईंना सगळे हो म्हणतात. उजव्या पानावर थांबा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तर देता येत नसेल तर आधीच्या पानावर काहीतरी राहिलंय. कुठल्या पानावर मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात तेही टिपून ठेवा. आणि मराठी कमी येणाऱ्या मुलाला नुसती चित्रं दाखवून त्याच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. भाषा तुम्हाला कळली नाही तरी चालेल. तो कुठे अडखळतो ते दिसतं.

चित्रांकडे येऊ. भाच्यानं काढलेल्या नमुन्यांत खेकड्याला आठ चालते पाय आहेत. खऱ्या खेकड्याला बाहेर दोन नांग्या आणि चालायचे चार पाय दिसतात. मागच्या दोन जोड्या बारीक असतात आणि आत शंख धरून ठेवतात. डोळे देठांवर असतात. मुलं रोज किनाऱ्यावर हे बघतात, त्यांना फसवता येत नाही. दुसरी चूक जास्त लपलेली आहे. खेकडा एकदा उजवीकडे तोंड करून काढला आणि पुढच्या पानावर तेच चित्र टॅबवर आरशासारखं उलटवून डावीकडे वळवलं. त्यात शंखही उलटला. बहुतेक शंख उजव्या वळणाचे असतात : टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर उघडी बाजू उजवीकडे येते. उलटवलेल्या चित्रात ती डावीकडे गेली, खूण घातलीत तर तीही अशीच दुसऱ्या बाजूला जाईल, आणि उजवीकडे वळलेलं पोट त्या शंखात शिरणारच नाही. दिशा बदलायची असेल तेव्हा नवं चित्र काढायचं, उलटवायचं नाही. भाच्याला एक खरा रिकामा शंख टेबलावर ठेवून फिरवून काढू दे. उचलण्यापूर्वी आत कुणी नाही ना ते बघा आणि काम झालं की तिथेच परत ठेवा. किनाऱ्यावरचे शंख वेचून नेले की या खेकड्यांना घरं उरत नाहीत.

आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे उजवीकडे तोंड केलेला खेकडा पुढे जातोय असं वाटतं आणि डावीकडे तोंड केलेला माघारी फिरतोय असं. शोध चालू आहे तोवर त्याला उजवीकडे चालू द्या. १४-१५ वर, जिथे तो थांबायचं ठरवतो, तिथे पहिल्यांदा त्याचं तोंड डावीकडे, म्हणजे आलेल्या वाटेकडे वळू द्या. नवे खेकडे मात्र उजवीकडून येऊ द्यात. कॅमेरा हलवा म्हणतात तसं चित्राचं अंतरही बदला : किनारा दूरून, झाकणात अडकलेलं पोट अगदी जवळून, रांग वरून. बारा चित्रं एकाच उंचीवरून काढली तर पुस्तक सपाट होतं.

घडीवर डोळा, नांगी किंवा अक्षर येऊ देऊ नका. चारही कडांना चित्र कापायच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून काढा. छापखान्यात याला ब्लीड म्हणतात. ते नसेल तर कटिंग जरा सरकलं की कडेला पांढरी रेघ दिसते. महत्त्वाचं काहीही कडेपासून १० मिलिमीटर आत. फाइल छापायच्या मापात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. टॅबच्या पडद्यावरचा झळझळीत निळा-हिरवा समुद्र चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतो. काम संपल्यावर धक्का बसण्यापेक्षा पहिल्याच चित्राचा सीएमवायके प्रूफ, म्हणजे त्या चार शाईंतला छापील नमुना, काढून बघा आणि मग रंग ठरवा.

अक्षर १८ ते २० पॉइंट, ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा. मराठीत खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला चिकटते, आणि पहिलीचं मूल तिथेच अडतं. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत परवान्याचे आहेत आणि छपाईला चालतात. ल आणि श मराठी वळणाचे येतात का ते नमुना छापून बघा, हिंदी वळणाचे आले तर तुमच्या मुलांना ते परके वाटतील. ओळ अर्थाच्या तुकड्यावर तोडा, शब्द कधीच तोडू नका. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. छापखान्यानं तो श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्ट-पद्धतीत नेला तर ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’ मधला अर्धा र आणि ‘ॲ’ हमखास बिघडतात. शेवटच्या प्रूफमध्ये हे शब्द बोट ठेवून तपासा.

आता तुमचा सर्वांत मोठा प्रश्न, स्वतः छापायचं की प्रकाशक. आमचं मत : आधी प्रकाशक. मराठीत चित्रपुस्तकं काढणारे थोडे असले तरी आहेत. ज्योत्स्ना प्रकाशन आहे, नॅशनल बुक ट्रस्ट मराठीतही पुस्तकं काढतं, चेन्नईचं तूलिका अनेक भाषांत काढतं आणि त्यात मराठी आहे. त्यांना पूर्ण मजकूर जोडपानांनुसार तोडून आणि चार ओळींचा सारांश पाठवा. खास बोलणं झालेलं नसेल तर रंगवलेली सगळी चित्रं पाठवू नका. चित्रकार बहुतेक वेळा प्रकाशक निवडतात आणि मजकूर आवडला तरी चित्रांमुळे नकार येऊ शकतो. भाच्याला हे आधीच स्पष्ट सांगा, नंतर सांगितलंत तर घरात रुसवे.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं मोफत संकेतस्थळ, हाही रस्ता आहे. तिथे चित्रं उपलब्ध असतात आणि गोष्ट तुम्हीच चढवू शकता. पण तिथला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना नीट समजून घ्या : श्रेय देऊन कुणीही ती गोष्ट वापरू शकतं, बदलू शकतं, विकूही शकतं, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. वाड्यावस्त्यांवरच्या मुलांपर्यंत फुकट पोचावं हाच हेतू असेल तर यासारखी सोय नाही. प्रकाशकाकडेही पाठवायचं असेल तर क्रम चुकवू नका : आधी प्रकाशक, मग स्टोरीवीव्हर.

स्वतः छापलंत तर चित्रकाराशी, भाचा असला तरी, एक पानी लेखी करार करा. कुठल्या भाषा, किती वर्षं, कुठला प्रदेश, ठरावीक मानधन की विक्रीतला हिस्सा. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर, तुमच्या नावाएवढ्याच अक्षरात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन अर्जानं विनामूल्य मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा.

दरपत्रक मागताना ‘२४ पानी पुस्तक कितीला पडेल’ असं विचारलं तर प्रत्येक छापखाना वेगळ्या पुस्तकाचा भाव सांगेल. असं लिहून द्या : क्राउन १/४, म्हणजे सव्वासात गुणिले साडेनऊ इंच, आतली २४ पानं चार रंगांत, १२० किंवा १३० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), मुखपृष्ठ चार पानी, ३०० जीएसएम आर्ट कार्ड, बाहेरून मॅट लॅमिनेशन, मध्ये दोन पिना. हे माप २० × ३० इंची कागदात नीट बसतं. चौकोनी पुस्तक देखणं दिसतं, पण बऱ्याच मापांत कागद वाया जातो आणि त्याचे पैसे तुम्हीच भरता. भाव ५०० आणि १,००० दोन्हींचा मागा : दीड फर्म्याच्या प्लेटा (छपाईचे पत्रे, प्रत्येक रंगाला वेगळे), मुखपृष्ठाच्या प्लेटा आणि मशीन लावण्याचा खर्च दोन्हींत तोच असतो, म्हणून हजारात एका प्रतीचा भाव बराच उतरतो. दोनशे-तीनशेच प्रती लागणार असतील तर डिजिटल छपाईचाही भाव घ्या. चिकटवून बांधणी मात्र या जाडीला करू नका. २४ पानांचा कणा गोंद धरण्याइतका रुंद नसतो, पानं सुटतात.

कोकणासाठी दोन जादा सूचना. साध्या लोखंडी पिना खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि मधल्या पानावर तांबडा डाग पडतो, म्हणून गंज न धरणारी तार मागा. चकचकीत आर्ट पेपर ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्रासकट फाटतात. शाळेच्या कपाटात राहणाऱ्या पुस्तकाला चांगला मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला कागद, बरा. रंग थोडे मऊ दिसतील, पण प्रत टिकेल. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर ठेवायला सांगा, नाहीतर मुखपृष्ठ घडीवर तडकतं आणि दमट हवेत वळतं.

कानडी आणि नेपाळी आवृत्ती जमण्यासारखी आहे, अट एकच : तयारी आत्तापासून. सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, रंगीत किंवा चित्रातून कोरलेली अक्षरं नकोत. असं असलं की दुसऱ्या भाषेसाठी बाकी तीन रंगांच्या प्लेटा त्याच राहतात, फक्त काळी बदलते. ‘धप्प’, ‘डुगडुग’ असे आवाज भाच्यानं चित्रातच रंगवलेत, ते काढून मजकुरात घ्या. प्रत्येक पानावर अक्षरांसाठी ठेवलेली जागा मराठी मजकुराला लागते त्याच्या दीडपट ठेवा, कारण दुसऱ्या भाषेतलं वाक्य किती लांबेल ते आधी सांगता येत नाही. तीन भाषा एकाच पानावर छापायचा मोह आवरा. मग ओळी इतक्या होतात की खेकडा कोपऱ्यात जातो. नेपाळी देवनागरीतच लिहितात, पण झ आणि काही अंकांचं वळण वेगळं आहे, तेव्हा फॉन्ट नेपाळी वाचणाऱ्याला दाखवून घ्या.

भाषांतर शब्दशः करून घेऊ नका. वर्गातल्या मुलांच्या आई-वडिलांपैकी कुणाला तरी नमुना-पुस्तिका दाखवून गोष्ट मोठ्यानं सांगायला लावा, ती रेकॉर्ड करा आणि पालुपद त्यांच्या तोंडून येईल तेच घ्या. शुद्धलेखन मात्र ती भाषा शिकवणाऱ्याकडून तपासा. आणि दहा-वीसच प्रती लागणार असतील तर छापखान्याच्या वाटेला जाऊच नका. मराठी पुस्तकात मजकुराच्या मागे पांढरी पट्टी ठेवा, प्रत्येक पानावर त्याच मापाची, आणि कानडी-नेपाळी मजकूर स्टिकरच्या कागदावर छापून तिच्यावर लावा. पट्टीचं माप मात्र चित्रं सुरू होण्याआधी ठरवा. नंतर ठरवलंत तर कुठल्यातरी पानावर स्टिकर नेमका खेकड्याच्या डोळ्यावर येईल.